टोकाचा पट्टा आणि उरलेला विषाणू

ट्रेच्या एकेका खोबणीत एकेक पट्टी पडलेली असते. नायट्रोसेल्युलोजची, करंगळीहून अरुंद. रुग्णाच्या रक्तातल्या विषाणूचा पीसीआरने वाढवलेला तुकडा तिच्यावर सोडलेला असतो, ठरल्या तापमानाला धुणं झालेलं असतं, आणि शेवटचं रंगद्रव्य घालून ट्रे हलत ठेवलेला असतो. हळूहळू पांढऱ्यावर जांभळट तपकिरी रेघा उमटू लागतात. सगळ्यात वरची रेघ रसायनं नीट चालली हे सांगते, तिच्या खालची पीसीआर झाला हे सांगते, आणि त्यानंतर खरा मजकूर सुरू होतो. पट्टी वाळली की ती छापील तक्त्याशेजारी धरायची आणि कुठल्या क्रमांकाच्या रेघा आल्या ते वहीत उतरवायचं. हेपॅटायटिस सी विषाणूचा जनुकप्रकार ओळखायला शिकलेल्या कित्येकांची सुरुवात या लाइन प्रोब पट्टीपासून झाली. माझीही तिथूनच झाली.

पहिल्याच आठवड्यात मी आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने एकच पट्टी दोन तऱ्हांनी वाचली. एक रेघ इतकी फिकट होती की तिने ती धरली आणि मी सोडून दिली. तिच्या वहीत ‘१बी’ असं लिहिलं गेलं, माझ्या वहीत ‘१, उपप्रकार ठरत नाही’. आम्ही दोघं वह्या घेऊन आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. नमुना परत लावा, असं त्या म्हणतील अशी आमची खात्री होती. त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली आणि विचारलं, “ही रेघ विषाणूच्या कुठल्या भागाबद्दल बोलतेय?” आम्हाला ते सांगता आलं नाही. किटसोबत आलेली पुस्तिका आम्ही पायरीपायरीने पाठ केली होती, पण हा प्रश्न काही आमच्या मनात आला नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मला तोच प्रश्न द्यायचा आहे. वाण ओळखण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत, आणखीही येतील. कोणती चांगली, कोणती वाईट, यावर वाद घालण्याआधी प्रत्येक पद्धत विषाणूच्या कुठल्या भागाशी बोलते आणि त्या भागाला मुळात काय काय माहीत असतं, हे कळलं की निम्मं काम झालं.

हा विषाणू आधी डोळ्यांना दिसला आणि मग त्याचा अभ्यास झाला, असं घडलं नाही. १९७०च्या दशकात रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीचे बरेच रुग्ण ए किंवा बी या विषाणूंचे नाहीत, एवढंच माहीत होतं. आजाराचं नावसुद्धा ‘नॉन-ए, नॉन-बी’ असं नकारार्थी होतं. १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी संसर्ग झालेल्या चिंपांझीच्या रक्तद्रवातून जनुकीय तुकड्यांचा मोठा संग्रह तयार केला, आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं कुठल्या तुकड्याला चिकटतात ते शोधत शोधत एका तुकड्यापाशी पोचले. विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली नीट दाखवता येत नव्हता. वाचता मात्र येत होता. २०२०चं नोबेल हार्वी आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं ते या साऱ्या कामासाठी. ज्या विषाणूची ओळखच त्याच्या अक्षरांतून झाली, त्याचं वर्गीकरणही अक्षरांवरूनच होणार होतं.

ही अक्षरं साधारण ९६००. एकेरी आरएनएचा धागा, त्यावर एकच लांबलचक वाक्य, आणि त्यातून घडणारं सुमारे ३००० अमिनो आम्लांचं एक प्रथिन, जे पुढे दहा तुकड्यांत कापलं जातं. नक्कल करणारं विकर चुका करतं आणि त्या दुरुस्त करत नाही, त्यामुळे एकाच माणसाच्या रक्तातही तंतोतंत सारखे विषाणू नसतात, जवळच्या भावंडांचा गोतावळा असतो. दोन वेगळ्या जनुकप्रकारांत पूर्ण धाग्यावर ३० ते ३५ टक्के अक्षरं वेगळी असतात. एकाच प्रकाराच्या दोन उपप्रकारांत हा फरक १५ ते २५ टक्क्यांच्या घरात. पण फरक धाग्यावर सगळीकडे सारखा पसरलेला नाही, आणि पद्धतींमधले मतभेद नेमके तिथून उगवतात.

धाग्याच्या सुरुवातीच्या टोकाला ३४१ अक्षरांचा एक पट्टा आहे. त्यातून प्रथिन घडत नाही. पेशीतला रायबोसोम येऊन बसतो ती ही जागा. घडी घातलेल्या कागदासारखा या पट्ट्याचा आकार ठरलेला, आणि अक्षर बदललं की घडी बिघडते. त्यामुळे तो फारसा बदलत नाही. जगातल्या कुठल्याही रुग्णाचा नमुना आणा, या पट्ट्यावर बेतलेला प्रायमर बहुतेक वेळा बसतोच. रक्तात विषाणू थोडा असला तरी पीसीआर होतो. म्हणून निदानाच्या चाचण्या आणि सुरुवातीच्या बहुतेक टायपिंग पद्धती इथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या टोकाकडे एनएस५बी नावाचा भाग आहे, नक्कल करणाऱ्या विकराचा. तो पुरेसा बदलतो, त्यामुळे प्रकार आणि उपप्रकार दोन्ही स्वच्छ वेगळे पडतात. पण बदलतो म्हणूनच प्रायमर कधी बसतो, कधी बसत नाही, आणि विषाणू कमी असलेल्या नमुन्यात जेल कोरंच राहतं. जो भाग हमखास हाती लागतो तो थोडं सांगतो. जो पुष्कळ सांगतो तो हाती लागेलच असं नाही. या शास्त्रशाखेतली बहुतेक भांडणं या एका अडचणीची रूपं आहेत.

आमच्या त्या फिकट रेघेकडे परत जाऊ. टोकाच्या पट्ट्यात १ए आणि १बी यांना वेगळं करणारं मुख्य अक्षर एकच आहे. प्रथिन सुरू होण्याच्या जागेपासून मागे मोजत गेलं की ९९व्या जागी १एमध्ये बहुधा ए असतो, १बीमध्ये जी. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अपवाद पुष्कळ आहेत. साडेनऊ हजार अक्षरांच्या विषाणूचं नाव एका अक्षरावर ठरवायला आम्ही बसलो होतो, आणि भांडत होतो ते रेघ फिकट की गडद यावर. पट्टीच्या नंतरच्या आवृत्तीत कोअर या भागाच्या रेघा जोडल्या गेल्या, आणि १ए-१बीचा घोळ बराच कमी झाला. मॅडमचा प्रश्न किट बनवणाऱ्यांनाही पडला होता तर.

नावांचा गोंधळ सुरुवातीला याहून मोठा होता. जपानमध्ये हिरोआकी ओकामोटो यांच्या गटाने कोअर भागावर प्रकारानुरूप प्रायमर बेतले. त्यांच्या पद्धतीत पीसीआरचा तुकडा किती लांबीचा आला त्यावरून प्रकार कळतो. त्यांचे प्रकार रोमन आकड्यांनी मोजलेले: आजचा १ए म्हणजे त्यांचा पहिला, १बी म्हणजे दुसरा, २ए तिसरा. इतरांचे आकडे निराळे. त्या वर्षांतले शोधनिबंध वाचताना ‘टाइप टू’ असं दिसलं की आधी लेखक कुठल्या घराण्याचा ते पाहावं लागतं. १९९३ मध्ये पीटर सिमंड्स आणि सहकाऱ्यांनी एनएस५ भागावरून वंशवृक्ष मांडला आणि सहा मुख्य फांद्या दाखवल्या. आकड्याने प्रकार आणि इंग्रजी अक्षराने उपप्रकार ही आज रुळलेली रीत तिथून आली. २०१४च्या आढाव्यात सात प्रकार आणि ६७ उपप्रकार मोजले गेले होते. वंशवृक्षाआधीच्या पद्धतीही टाकाऊ ठरल्या नाहीत. त्या काय सांगतात ते कुठे बसवायचं, हे मात्र तेव्हापासून कळू लागलं.

काही पद्धतींची ओळख भराभर करून देतो, कारण त्यांचा तपशील शिकायला प्रयोगशाळेसारखी जागा नाही. तोडणाऱ्या विकरांची पद्धत सगळ्यात स्वस्त: टोकाच्या पट्ट्याचा पीसीआर करायचा, ठरावीक चार अक्षरं दिसली की तिथेच कापणारी विकरं घालायची, आणि तुकडे जेलवर पळवायचे. हे-थ्री हे विकर जीजीसीसी या अक्षरांवर कापतं; त्यातलं एक अक्षर बदललं की काप पडत नाही आणि जेलवरचा नमुना वेगळा दिसतो. रिअल-टाइम पद्धतीत चमकणाऱ्या प्रोबवर काम होतं. वेग मोठा, हाताळणी कमी, पण प्रोब ज्यांच्यासाठी बनवला तेवढेच प्रकार तिला ठाऊक. सीरोटायपिंग या सगळ्यांहून निराळं. ते विषाणूकडे बघतच नाही, रुग्णाच्या प्रतिपिंडांकडे बघतं: एनएस४ भागाचे प्रत्येक प्रकाराचे तुकडे घेऊन कुठल्या तुकड्याला प्रतिपिंडं जास्त धरून बसतात ते पाहायचं. उपप्रकार त्यातून कळत नाही. डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत पुष्कळदा काहीच कळत नाही. तरी मला या पद्धतीबद्दल आदर आहे, कारण विषाणू रक्तातून गेल्यावरही कधी काळी कुठला येऊन गेला हे ती सांगू शकते. पीसीआर तिथे मुका असतो.

सँगर सीक्वेन्सिंगला बरीच वर्षं ‘सुवर्ण कसोटी’ म्हटलं गेलं. शब्द सुंदर आहे, पण तो आंधळेपणाने वापरू नका. चार रंगांच्या शिखरांचा तो आलेख पडद्यावर उघडला की नवशिक्याला वाटतं, आता सत्य समोर आलं. पण सँगरला गोतावळ्यातलं बहुमत दिसतं. जे विषाणू पंधरा-वीस टक्क्यांहून कमी आहेत त्यांची शिखरं तळातल्या खळखळीत बुडून जातात. मोठ्या शिखराच्या पोटात दुसऱ्या रंगाचं छोटं शिखर दिसलं तर तो दुहेरी संसर्ग असेल, गोतावळ्यातला साधा फरक असेल, किंवा शेजारच्या नळीतून उडालेला थेंबही असेल. नव्या पिढीच्या सीक्वेन्सिंगने एखाद-दुसऱ्या टक्क्यापर्यंतचे विषाणू दिसतात, आणि म्हणून दूषित झालेला थेंबही तितकाच स्पष्ट दिसतो. पद्धत जितकी तीक्ष्ण, तितका रिकाम्या कंट्रोलचा मान मोठा. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये रेघ आली की पूर्ण रन टाकून द्यायचा, हे आम्ही शिकलो तेव्हा फार जिवावर आलं होतं.

टोकाच्या पट्ट्यावर विसंबण्यातला धोका कळायला दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं आपल्या जवळचं. भारतात सगळ्यात जास्त आढळतो तो ३ प्रकार, त्याखालोखाल १. पण ईशान्येकडे, म्यानमारला लागून असलेल्या राज्यांत, ६ प्रकारही सापडतो. त्याचं मूळ घर आग्नेय आशियात आहे, आणि त्याच्या काही उपप्रकारांचा टोकाचा पट्टा १ए किंवा १बीसारखाच असतो. निव्वळ टोक बघणारी पद्धत त्यांना १ म्हणते, तेही कुठलाही संशय न दाखवता, ठसठशीत रेघांनी. इंटरफेरॉनच्या काळात प्रकार चुकला की त्याची किंमत रुग्ण मोजत होता. १ प्रकाराला ४८ आठवडे इंजेक्शनं, २ आणि ३ला २४. ताप, अंगदुखी, केस गळणं, मनाची उदासी हे सगळं सोबत. अहवालातला एक आकडा म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यातले सहा महिने असत.

दुसरं उदाहरण रशियातलं. २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या रुग्णांत ओल्गा कालिनिना आणि सहकाऱ्यांना असा विषाणू सापडला ज्याची सुरुवात २के उपप्रकाराची आणि शेवट १बीचा. एनएस२ भागात जोड. दोन विषाणू कधीतरी एका पेशीत भेटले होते आणि नक्कल करणारं विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर गेलं होतं. आता या नमुन्याला टोकाच्या पट्ट्याची पद्धत लावा: उत्तर २. एनएस५बी वाचा: उत्तर १बी. दोन्ही पद्धती आपापल्या भागाबद्दल खरं बोलतायत. नंतर जॉर्जियात, २ प्रकार म्हणून नोंद झालेल्या रुग्णांत हा जोडविषाणू मोठ्या प्रमाणावर सापडला, आणि २ समजून सोफोसबुवीर-रिबाव्हिरिन दिलेल्यांचा आजार वारंवार उलटला, कारण औषधं ज्या भागांवर काम करतात ते भाग १बीचे होते. दोन पद्धतींचं उत्तर जुळत नाही तेव्हा आपला पहिला विचार ‘चुकलं कुणाचं’ असा असतो. या विषाणूने आपल्याला थांबून बघायला लावलं.

असे जोड शोधण्यासाठी जगभर वापरली जाणारी सिमप्लॉट नावाची आज्ञावली आहे. धाग्यावरून छोटी खिडकी सरकवत न्यायची आणि प्रत्येक ठिकाणी हा नमुना कुणाशी किती जुळतो त्याची रेघ काढायची. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे जोड. ही आज्ञावली वापरणारे ज्या शोधनिबंधाचा हवाला देतात तो १९९९चा आहे, भारतातल्या एचआयव्हीच्या पूर्ण जनुकसंचांवरचा, आणि त्याच्या पहिल्या लेखिका कविता लोले या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत काम करत होत्या. काविळीच्या विषाणूंवर काम करणारा परदेशातला विद्यार्थी त्या निबंधाचं नाव लिहितो तेव्हा पुण्यातल्या नमुन्यांशी त्याचं नातं जुळतं, आणि बहुतेक वेळा त्याला ते माहीतही नसतं. मला ते दरवेळी सांगावंसं वाटतं.

आता तुलनेबद्दल. दोन पद्धतींची तुलना म्हणजे शंभर नमुने दोन्हींत लावायचे आणि किती जुळले ते टक्क्यांत लिहायचं, असा समज आहे. उत्तर भारतातल्या एखाद्या केंद्रातले शंभर नमुने घ्या आणि समजा त्यातले नव्वद ३ प्रकाराचे आहेत. आता मी डोळे मिटून प्रत्येक नळीवर ‘३’ लिहिलं तरी माझी पद्धत नव्वद टक्के जुळते. हिशेबाला आकडा उत्तम दिसतो, पण पद्धत अस्तित्वातच नाही. योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारं कोहेनचं कप्पा हे माप इथे शून्य दाखवतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, टक्का वाचण्याआधी नमुन्यांचा संच वाचा. त्यात ४, ५, ६ प्रकार होते का? कमी विषाणू असलेले नमुने होते का, की ते ‘पीसीआर झाला नाही’ म्हणून आधीच गाळले? गाळलेले नमुने तळटीपेत जातात, आणि खरी तुलना पुष्कळदा त्या तळटीपेतच असते. उत्तर न देणं आणि चुकीचं उत्तर देणं यांना एकाच रकान्यात घालू नका. ‘ठरत नाही’ असं प्रांजळपणे सांगणारी पद्धत मला ठसठशीत चुकणाऱ्या पद्धतीपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

आणि प्रश्न बदलला की योग्य भागही बदलतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १९९८ मध्ये एका मोठ्या प्रादुर्भावाचा छडा लागला; एका भूलतज्ज्ञाकडून शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना संसर्ग झाल्याचा संशय होता. न्यायालयाला हवं होतं ते उत्तर ‘१ए’ एवढ्याने मिळणार नव्हतं, कारण १ए असलेली माणसं शहरात इतरही होती. एनएस५बीचा छोटा तुकडा घरातलं कोण आणि बाहेरचं कोण एवढं ढोबळ सांगू शकत होता. माणसामाणसातला धागा जुळवायला वेगाने बदलणारा ई१-ई२ भाग लागला, प्रत्येक रुग्णामागे अनेक प्रती वाचाव्या लागल्या, एकूण ४०००हून अधिक. तपासलेल्या ३२२ जणांपैकी २७५ या प्रादुर्भावातले ठरले, ४७ जणांना संसर्ग दुसरीकडून झाला होता. त्या भूलतज्ज्ञाला २००७ मध्ये शिक्षा झाली. त्या ४७ जणांचा मी नेहमी विचार करतो. त्यांना वेगळं काढता येणं हेही त्या पद्धतीचंच यश होतं.

आज नवा विद्यार्थी विचारतो, आता हे शिकून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. सर्व प्रकारांवर चालणारी औषधं आली आहेत. भारताचा राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ला सुरू झाला, आणि त्यात प्रकार न तपासताही मोफत उपचार सुरू होतात. हे चांगलंच झालं. टायपिंगच्या खर्चापायी उपचार थांबलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण सगळ्यांना औषध लागू पडत नाही, आणि जे थोडे उरतात त्यांच्यासाठी प्रश्न पुन्हा उभा राहतो. ३बी उपप्रकारात एनएस५ए भागाच्या ३०व्या आणि ३१व्या जागी असे बदल मुळातच असतात ज्यांच्यापुढे काही औषधं कमी पडतात. उपचारानंतर विषाणू परत दिसला तर तो जुनाच उलटला की नवा लागला? एकाच डायलिसिस केंद्रातल्या तिघांना लागण झाली तर ती एकमेकांकडून की बाहेरून? इथे ‘३’ हा आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट. पंजाबात या आजाराला ‘काला पीलिया’ म्हणतात. कॅनडात राहणाऱ्या, मूळच्या पंजाबच्या चार रुग्णांच्या नमुन्यांना नेहमीच्या किटवर प्रकार ठरत नव्हता. ‘अनिर्णित’ म्हणून ते बाजूला ठेवून देता आले असते; तसे कित्येक ठेवले जातात. कुणीतरी त्यांचा पूर्ण जनुकसंच वाचला, आणि २०१८ मध्ये ते चौघे आठव्या प्रकाराचे पहिले रुग्ण म्हणून नोंदले गेले.

प्रत्येक प्रयोगशाळेच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, खालच्या कप्प्यात, असा एक डबा असतो. झाकणावर मार्करने ‘टाइप झाला नाही’ लिहिलेलं, अक्षरं बर्फाने अर्धी झाकलेली. तुमच्या प्रयोगशाळेत गेल्यावर तो डबा कुठे आहे ते पहिल्या दिवशी विचारून घ्या.